शब्द बरोबर, पण पटत नाही

प्रश्न : बाई, मी अंबाजोगाईत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला अनुवादासाठी महामारी आणि गरिबी यांवरचा एक इंग्रजी लेख दिला होता. साथीच्या काळात सरकारांनी गरिबांच्या हातात थेट पैसे द्यावेत, असं तो लेख पटवून देतो. माझ्या अनुवादावर सरांचा शेरा आला, 'शब्द बरोबर, पण पटत नाही.' माझे आईवडील ऊसतोडीला जातात, 2020 चा उन्हाळा मी डोळ्यांनी पाहिलाय. लेख पटावा म्हणून मधे टाळेबंदीत चालत निघालेल्या मजुरांच्या करमाडच्या रेल्वे अपघाताचा परिच्छेद घातला तर चालेल का? अनुवाद सोबत पाठवते.
— एक विद्यार्थिनी, धारूर तालुका

उत्तर : तुझा अनुवाद मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा मोठ्यानं, स्वयंपाकघरात, आमच्याकडे भाकरी करायला येणाऱ्या मावशींना ऐकवत. 'महामारीमुळे असुरक्षित घरे दारिद्र्यात ढकलली जातात' हे वाक्य आलं आणि परातीतला त्यांचा हात थांबला. "घरं काऊन पडली? पाऊस झाला का?" मावशींची काही चूक नाही. 'असुरक्षित घरे' म्हटल्यावर तडे गेलेल्या भिंतीच दिसतात. लेखकाला म्हणायचंय : एका आजारपणात, एका बुडालेल्या हंगामात कोलमडतील अशी कुटुंबं. 'हातावर पोट असलेली' असंही लिहू नकोस. त्यात फक्त रोजंदारीवाले येतात, आणि लेखकाच्या मनात छोटा दुकानदार, रिक्षावालाही आहे.

आणि 'ढकलली जातात' कशाला? मराठीत कर्ता समोर उभा करता येतो. 'एका धक्क्यात कोलमडतील अशा कुटुंबांना महामारी दारिद्र्यात लोटते.' मात्र 'दारिद्र्याच्या खाईत' नको. ती खाई मूळ लेखात नाही, आणि भाषणं ऐकून ऐकून आपले कान तिला सरावलेत.

खरी गडबड क्रियापदांत आहे. मूळ लेखात तीन ठिकाणी इंग्रजी 'मे' (may) आहे, तू तिन्ही ठिकाणी 'होईल' केलंस. 'मदत न मिळाल्यास मुलांची शाळा सुटू शकते' आणि 'शाळा सुटेल' हे दोन वेगळे दावे आहेत. याउलट जिथं लेखकानं 'मस्ट' वापरून ठणकावलंय, तिथं तू 'आवश्यक आहे' लिहून मोकळी झालीस. तिथं 'सरकारांनी पैसे दिलेच पाहिजेत' हवं. मराठीतला तो एक 'च' पानभर विशेषणांचं काम करतो. पटवून देणाऱ्या मजकुरात लेखक कुठं ठाम आहे आणि कुठं जपून बोलतोय यावरच वाचकाचा विश्वास बसतो. तू ठाम जागा मऊ केल्यास आणि जपलेल्या जागा ठाम. सरांना पटलं नाही ते यामुळं, असं मला वाटतं.

आकड्याचंही एक. 2020 मध्ये जगात सुमारे 7 कोटी माणसं अतिदारिद्र्यात गेली हा जागतिक बँकेचा अंदाज, त्यातली दारिद्र्यरेषा दिवसाला 2.15 डॉलरची. बँकेत डॉलर बदलून मिळतो त्या दरानं तू त्याचे रुपये केलेस. हे डॉलर क्रयशक्तीवर, म्हणजे त्या पैशात त्या देशात किती माल येतो यावर, बेतलेले असतात. त्या हिशेबानं आपल्याकडे त्याचे रुपये तुझ्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी होतात. म्हणजे ती रेषा तुझ्या अनुवादात दिसते त्याहून खूप खाली आहे, आणि लेखकाचा मुद्दा आणखी बोचरा आहे.

मूळ लेखात 'कर्जाचं चक्र' असा शब्द आलाय. तो तुझ्याइतका नीट कुणाला कळणार? मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल, एका कोयत्यामागं, म्हणजे एका जोडीच्या हिशेबात, नवराबायको दोघं, आणि हंगाम संपता संपता मार्चमध्ये टाळेबंदी. एक लाखाहून अधिक तोडकरी कारखान्यांच्या भागात अडकले. गावी परतायची परवानगी एप्रिलच्या मध्यात मिळाली. साथ ओसरते, पण उचल फिटलेली नसते. मग पुढच्या साली पुन्हा त्याच मुकादमाकडं, कधी शाळा सोडून लेकरूही सोबत. दारिद्र्य साथीबरोबर जात नाही, ते असं. हे समजून त्या वाक्याला हात घाल. 'फेडूनही न फिटणारं कर्ज' असं काहीतरी तुला सुचेल. आईला विचार, ती याहून चांगला शब्द देईल.

करमाडचा परिच्छेद मात्र घालू नकोस. लेख दुसऱ्याचा आहे. त्याच्या तोंडी आपला पुरावा घालणं म्हणजे खोटी साक्ष. भले ती घटना शंभर टक्के खरी असो.

पण ते लिही, बाळ. वेगळं, तुझ्या नावावर. 8 मे 2020 ची पहाट, जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर भुसावळच्या दिशेनं चालत निघालेले, थकून रुळांवरच झोपलेले, मालगाडीखाली 16 जण गेले. रुळांवर भाकऱ्या विखुरल्या होत्या. विशेषणं लावू नकोस. लिहून झालं की मला पाठव, मावशींना मीच वाचून दाखवेन.