ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आज सौम्य का वाटतो?

प्रश्न : कॉलेजात असताना, १९८२ च्या सुमारास, मामेभावाने अमेरिकेहून आणलेल्या रेकॉर्डवरून मी ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला अल्बम कॅसेटवर भरून घेतला होता आणि तो असंख्य वेळा ऐकला. अलीकडे तोच अल्बम मोबाइलवर ऐकला, तर तो बराच सौम्य आणि काहीसा विस्कळीत वाटला. शिवाय ‘विकेड वर्ल्ड’ हे माझे आवडते गाणे त्यात सापडलेच नाही. दोष कानांचा की आठवणीचा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोष कानांचा नाही, आठवणीत मात्र थोडी भेसळ झालेली असू शकते. ज्या खर्जातल्या, जड गिटारसाठी हा इंग्लिश हेवी मेटल बँड ओळखला जातो, ती १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये गिटारवादक टोनी आयोमी यांनी तारा दीड स्वर खाली उतरवल्यानंतरची आहे. पहिल्या अल्बममध्ये गिटार नेहमीच्याच पट्टीत लावलेली आहे. त्यानंतरच्या बँडनी आवाजाचे थर चढवत तो जडपणा आणखी वाढवला, आणि आपण आज त्या सवयीच्या कानांनी मूळ अल्बम ऐकत आहात.

ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत बर्मिंगहॅमच्या या चौघांनी जवळजवळ सगळा अल्बम एका दिवसात, कार्यक्रमात वाजवावा तसा एकत्र वाजवला आणि नंतर गिटारचे मोजकेच तुकडे त्यावर चढवले गेले. आपल्याला जो विस्कळीतपणा वाटतो, तो या पद्धतीतून आला आहे आणि माझ्या मते तोच या अल्बमचा खरा ऐवज आहे. बिल वॉर्ड यांचे ड्रम्स जॅझच्या वळणाने झुलतात, गीझर बटलर यांचा बास गिटारच्या मागे न राहता तिच्याशी बोलत राहतो, आणि ‘वॉर्निंग’ या गाण्यातली लांबलचक गिटार ऐकताना हा मुळात ब्लूज वाजवणारा बँड होता हे पटते. (आयोमी डावखुरे, कारखान्यातील अपघातात तारा दाबणाऱ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेल्यावर त्यांनी वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या बोटांवर चढवून आणि हलक्या तारा लावून वादन चालू ठेवले.)

पाऊस आणि घंटेच्या आवाजानंतर सुरू होणारे शीर्षकगीत मात्र आजही अंगावर येते. त्याचा आराखडा षड्ज, वरचा षड्ज आणि मग तीव्र मध्यम इतकाच आहे. यमनवर वाढलेल्या आपल्या कानांना तीव्र मध्यम भीतिदायक वाटण्याचे कारण नाही. परंतु यमनात तो पंचमाकडे नेतो, तर येथे त्याला पंचमाचा आसरा मिळतच नाही आणि तो कंप पावत तसाच लोंबकळत राहतो.

एक सुचवतो : हेडफोन काढून ठेवा आणि हा अल्बम खोलीत, स्पीकरवर, जरा मोठ्या आवाजात ऐका. चौघांना एकमेकांत मिसळायला मोकळी हवा लागते. वाद्ये दोन कानांत वाटली गेली की ती सुटी पडतात.

गाण्याचे कोडे सोपे आहे. १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघालेल्या इंग्लंडच्या आवृत्तीत ‘ईव्हिल वुमन’ होते. अमेरिकेत त्याच्या जागी ‘विकेड वर्ल्ड’ घालण्यात आले. आपल्या मामेभावाची रेकॉर्ड अमेरिकेतली, मोबाइलवरची प्रत बहुधा इंग्लंडची. नंतरच्या काही आवृत्त्यांत दोन्ही गाणी आहेत. निवडताना गाण्यांची यादी तेवढी पाहून घ्यावी.