थायाझोल गोळीत पण आणि फवारणीत पण?

प्रश्न : मुलगा शिवाजी विद्यापीठात केमिस्ट्रीत एमएस्सी करतोय, प्रोजेक्टला थायाझोल बनवतो. कपड्यांना उग्र वास येतो. म्हणतो हेच बी कॉम्प्लेक्सच्या गोळीत असतं आणि भाताच्या फवारणीत पण. असं कसं असेल? त्याला काही अपाय नाही ना?
— एक आई, कागल

उत्तर : ताई, मुलगा बरोबर सांगतोय. थायाझोल म्हणजे पाच अणूंचं कडं, तीन कार्बन, एक नायट्रोजन, एक गंधक. नुसतं कडं फारसं काही करत नाही, त्याला पुढे काय जोडलंय त्यावर सगळं ठरतं. ॲसिडिटीची फॅमोटिडीन, सांधेदुखीची मेलॉक्सिकॅम, सेफिक्झीम अँटिबायोटिक, सगळ्यांत हे कडं आहे, आणि तुडतुड्यांवर मारतात त्या थायामेथोक्झाममध्ये पण. ते मधमाशांना फार घातक, युरोपात 2018 ला उघड्या शेतात वापरायला बंदी घातली, म्हणून आपल्याकडे पण पीक फुलोऱ्यात असताना ते मारू नये असं मला मनापासून वाटतं.

बी कॉम्प्लेक्समधलं बी1, म्हणजे थायामिन, त्याची तर गंमतच आहे. त्यातल्या कड्यात गंधक आणि नायट्रोजनच्या मधे जो कार्बन बसलाय तो आपला हायड्रोजन सहज सोडतो आणि मग साखरेपासून पेशीत तयार झालेल्या पायरुव्हेटला पकडतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि अन्नातली ऊर्जा पुढे मिळत जाते, हे रसायनशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेस्लो यांनी 1958 ला दाखवलं, आणि एवढं मोठं काम एका कार्बनवर चालतं हे मला अजूनही भारी वाटतं. पण सोड्यात हे कडं उघडतं आणि बी1 वाया जातं, तेव्हा मिसळीची मटकी लवकर शिजावी म्हणून सोडा टाकत असाल तर बंद करा, रात्री भिजत घाला आणि कुकर लावा.

आता मुलाचं. कॉलेजात थायाझोल बनवायला बहुतेक हान्ट्झ या रसायनशास्त्रज्ञाची 1887 ची पद्धत वापरतात, थायोयुरिया आणि हॅलोकीटोन (क्लोरीन किंवा ब्रोमीन जोडलेलं कीटोन) ही दोन रसायनं अल्कोहोलमध्ये उकळायची. काळजी करायची ती तयार मालापेक्षा त्या हॅलोकीटोनची, क्लोरोॲसिटोन किंवा फेनॅसिल ब्रोमाइड असेल तर डोळ्यांची आग होऊन धारा लागतात, पहिल्या महायुद्धात क्लोरोॲसिटोन अश्रुधूर म्हणून वापरलं होतं. त्याला विचारा, फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारं लॅबमधलं कपाट) चालू असतो का, ग्लोव्हज आणि चष्मा घालतो का. कपड्यांना रोजच वास येत असेल तर गाईडना सांगायला लावा, आणि लॅबकोट घरच्या कपड्यांत धुवू नका.