जर्मन शिंप्यांच्या जुन्या वह्या कशा वाचाव्यात?

प्रश्न : मी हौशी नाट्यसंस्थेसाठी वेशभूषा करते. सोळाव्या शतकातील जर्मनीत घडणाऱ्या नाटकासाठी शिंप्यांच्या गिल्डच्या (कारागीर संघाच्या) हस्तलिखितातील एका पानाचे छायाचित्र मिळाले. ते मोठे करून कागदावर उतरवले, तर झगा कोणाच्याच अंगाला बसेना. आकृत्याच चुकीच्या असतात का? अशी साधने आणखी कुठे शोधावीत?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आकृत्या चुकीच्या नाहीत, पण आज आपण ज्याला पॅटर्न म्हणतो ते त्या नव्हेत. जर्मनभाषक शहरांत स्वतंत्र दुकान थाटू पाहणाऱ्या कारागिराला उस्तादांपुढे ठरावीक वस्त्रे बेतून दाखवावी लागत, आणि ‘श्निटबूख’ (बेतणीची वही) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वह्यांचा मोठा भाग या परीक्षेशी निगडित आहे. इन्सब्रुक, एन्स आणि लिओनफेल्डन येथील सोळाव्या शतकातील तीन वह्या प्रसिद्ध आहेत. ही गावे आजच्या ऑस्ट्रियात येतात. या वह्यांत स्त्रीपुरुषांच्या कपड्यांबरोबर पाद्र्यांची वस्त्रे, घोड्यांच्या झुली आणि तंबूही आढळतात. अमुक पन्ह्याच्या कापडातून अमुक वस्त्र किती लांबीत निघेल, कळ्या (घेरासाठीचे तिरके तुकडे) उलटसुलट मांडून कापड कसे वाचेल आणि जोड कुठे घेता येईल, एवढेच हे पान सांगते. अंगाची मापे गिऱ्हाइकागणिक कागदाच्या पट्टीवर खाचा पाडून घेतली जात, त्यामुळे ती वहीत सापडणार नाहीत. शिलाईसाठी सोडायची जागाही सहसा दाखवलेली नसते.

म्हणून आकृती मोठी करण्याऐवजी आधी पन्हा निश्चित करावा. मखमल व रेशीम अरुंद, तर उत्तम लोकरी कापड चांगले रुंद असे. पन्हा बदलला की सारी मांडणी बदलते. मखमलीची लव सर्व तुकड्यांत एकाच दिशेला हवी, तेव्हा तेथे कळ्या उलटसुलट लावण्याची सोय उरत नाही आणि कापड जास्त लागते. त्यानंतर ‘एले’ हे कापडाच्या लांबीचे माप पाहावे. ते शहरागणिक वेगळे होते : व्हिएन्नाचे सुमारे ७७.८ सेंटिमीटर, न्यूरेंबर्गचे ६५.६, तर फ्रांकफुर्टचे केवळ ५४.७. सहा एले म्हणजे व्हिएन्नात ४.६७ मीटर आणि फ्रांकफुर्टमध्ये ३.२८ मीटर. आपला झगा येथेच फसला असण्याची शक्यता मला अधिक वाटते. अपूर्णांकही जपून वाचावेत, कारण ‘फीअर्टहाल्ब’ असे लिहिले असेल तर चौथा एले अर्धाच धरायचा, म्हणजे साडेतीन. घाईत वाचणारा साडेचार धरतो आणि मांडणीत एक एले जादा येतो.

साधनांसाठी त्या त्या शहराच्या अभिलेखागारातील गिल्डचे नियम पाहावेत. परीक्षेला कोणती वस्त्रे होती ते त्यांत कळते. न्यूरेंबर्ग मात्र अपवाद आहे. १३४८-४९ च्या उठावानंतर तेथील नगरपरिषदेने गिल्डच मोडून काढल्या आणि कारागिरांवर स्वतःचे नियंत्रण बसवले, त्यामुळे तेथे ‘त्सुन्फ्ट’ (गिल्ड) ऐवजी ‘हांडवेर्क’ (हस्तव्यवसाय) या शब्दाखाली आणि परिषदेच्या कागदांत शोधावे लागते. याच शहरातील मेंडेल धर्मादाय गृहाच्या सचित्र वह्यांत कामात गुंतलेले शिंपी दिसतात. त्या अंकीय स्वरूपात पाहता येतात. या हस्तलिखितांची लिपी कुरेंट, म्हणजे जुन्या जर्मन वळणदार हस्ताक्षराच्या प्रकारची असते. तिचा सराव छापील लिप्यंतर शेजारी ठेवून, प्रथम आकडे आणि कापडांची नावे ओळखत केल्यास लवकर होतो.

बेतणी पुरी झाल्यावर ती प्रत्यक्ष वस्त्राशी ताडून पाहावी. बव्हेरियातील लाउइंगेन येथील राजघराण्याच्या दफनगृहातून निघालेले कपडे म्युनिकच्या बव्हेरियन राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. अशा वस्त्रांच्या छायाचित्रांत शिवणी कोठे पडल्या आहेत ते पाहिले, तर वहीतील कोणता जोड कापड वाचवण्यासाठी आहे आणि कोणता अंगाच्या ठेवणीसाठी, हे बरेचसे उलगडते. नाटकासाठी पहिला झगा मांजरपाटावर बेतून मगच महागड्या कापडाला कात्री लावावी.