वरच्या मजल्यावर मेशचं नेट स्लो, चौथा नोड घेऊ का? आधी तो ९३ चा आकडा पाहा

ताई, चौथा नोड घेऊ नका, निदान आत्ता तरी नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून (नागपुरात बेसा साइडला डुप्लेक्स, ३०० एमबीपीएसचा प्लॅन, तीन नोडचा मेश म्हणजे एकमेकांना जोडलेले वायफायचे तीन डबे, हॉलमध्ये मेन नोडच्या अगदी शेजारी उभं राहिलं तरी स्पीड टेस्टमध्ये दरवेळी ९३ च्या आसपास, वरच्या बेडरूममध्ये २५-२८, एप्रिलपासून जास्तच बोंब आणि कंपनीवाला म्हणतो आमच्याकडून पूर्ण स्पीड येऊन राहिला) मला एक नाही, दोन वेगवेगळे रोग दिसून राहिले, आणि चौथा नोड दोन्हीपैकी एकाचंही औषध नाही.

पहिला रोग त्या ९३ मध्येच आहे. वायफाय कधी एका आकड्यावर ठाण मांडून बसत नाही हो, ते कधी १४०, कधी २१०, दार लावलं की १८० असं हलत राहतं. दर वेळी ९२, ९३, ९४ च येत असेल तर मध्ये कुठेतरी १०० एमबीपीएसचा लिंक बसलाय, आणि त्या १०० मधून पॅकेटच्या वरखर्चाचं वजा जाता हातात ९४-९५ च्या वर काही उरतच नाही. म्हणजे घरात ३०० येऊन राहिले आणि फायबरच्या डब्यापासून (कंपनीनं लावलेला मॉडेम) मेन नोडपर्यंतच्या त्या हातभर वायरीत २०० सांडून राहिले.

हे काहून होतं ते सांगतो. लॅन केबलमध्ये ८ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या ४ च पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) मात्र आठही लागतात. आता निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी कनेक्टरमध्ये नीट बसली नसेल, तर दोन्हीकडची मशीनं आपसात समजून घेऊन गुपचूप १०० वर येतात, लाइट लागतो, नेट चालतं, कोणाला पत्ता लागत नाही. दुसरं म्हणजे काही डब्यांना ४ लॅन पोर्ट असतात पण गिगाबिटचा एकच, बाकीचे तीन १०० चे, आणि वायर लावणारा पोरगा हाताला येईल त्या भोकात घालून निघून जातो. म्हणून आधी पोर्ट बदलून पाहा (बहुतेक वेळा लॅन १ वर गिगाबिट असतो, डब्याखालच्या स्टिकरवर किंवा पोर्टजवळ जीई (GE, म्हणजे गिगाबिट) लिहिलेलं असेल तर तोच), मग केबल बदला, नोडच्या खोक्यात आलेली केबलच लावा. दोन मिनिटांचं काम आहे. ९३ चे २५०-२८० झाले की समजा अर्धी लढाई जिंकली.

आणि कंपनीवाला खोटं बोलत नाहीये बरं का. माझ्याकडे हेच झालं होतं, दोन महिने मी त्यांच्याशी भांडून राहिलो, पोरगा तीनदा आला, तिन्ही वेळा डब्याच्याच वायफायवर स्वतःच्या मोबाइलमध्ये पूर्ण स्पीड दाखवून गेला, मी आपला त्याच्या नावानं बोटं मोडत बसलो. चौथ्यांदा एक जरा वयस्क माणूस आला, त्यानं वायर उपसली, कनेक्टर उजेडात धरला आणि म्हणाला भाऊ, तपकिरी तार आखूड आहे. झालं, पाच-दहा रुपयांचा कनेक्टर. तेव्हापासून मी स्पीड टेस्ट आधी डब्याला वायरनं लॅपटॉप लावून करतो, मग मेन नोडला लावून, मग वायफायवर, याच क्रमानं, म्हणजे कुठे गळती आहे ते आपोआप दिसतं. फक्त जुन्या लॅपटॉपचा लॅन पोर्टच १०० चा असू शकतो, तेवढं तपासून घ्या नाहीतर उगाच वेगळ्याच गोष्टीच्या मागे लागाल.

आता दुसरा रोग, वरचा मजला. मेश म्हणजे जादू वाटते लोकांना, पण वायर नसलेला नोड हा मेन नोडकडून हवेतूनच घेतो आणि हवेतूनच पुढे वाटतो. साध्या डुअल बँड मेशमध्ये (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोनच रेडिओ) हे दोन्ही काम एकाच रेडिओवर चालतं, एका वेळी घेणं नाहीतर देणं, म्हणून एका उडीत स्पीड साधारण निम्मा होतो. तिसरा नोड दुसऱ्याच्या मागून जोडला गेला की निम्म्याचाही निम्मा. वर तुम्हाला २८ मिळून राहिले म्हणजे दोन नोडमधला दुवाच ६०-७० वर रांगत असणार. चौथा नोड त्याच चॅनलवर त्याच हवेत आणखी एक तोंड उघडेल, बस. ट्रायबँडवाला (तीन रेडिओचा) असेल तर बहुतेक वेळा एक रेडिओ फक्त नोडांच्या आपसातल्या बोलण्यासाठी राखलेला असतो, तिथे मार कमी बसतो, पण स्लॅब त्यालाही आडवा येतोच.

बहुतेक लोक (मी पण) नोड कुठे ठेवतात, तर जिथे नेट येत नाही तिथे. अहो जिथे येतच नाही तिथे नोडला तरी कुठून येईल? नोड अर्ध्या वाटेवर पाहिजे, जिथे मेन नोडचं सिग्नल अजून दणकट आहे. डुप्लेक्समध्ये ती जागा म्हणजे जिना. स्लॅबमध्ये सळया आणि काँक्रीट, ५ गिगाहर्ट्झ त्यात पार दमतं, पण जिन्याची जागा उघडी असते. मेन नोड हॉलमध्ये टीव्हीच्या मागे असेल तर तिथून काढून जिन्याच्या बाजूला आणा आणि वरचा नोड जिन्याच्या डोक्यावर ठेवा, बेडरूममध्ये नाही. ॲपमध्ये नोडचं सिग्नल दिसत असेल तर उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नल मोजायचं माप) अलीकडे, म्हणजे उणे ५०-६० कडे आणा, उणे ७० च्या पलीकडे गेलं की मजा नाही.

एप्रिलपासून बिघडलं म्हणता, तर मला सांगा कूलर कधी लावला? हसू नका. वरचा नोड खिडकीच्या कट्ट्यावर आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि आपल्या नागपुरात एप्रिल लागला की त्याच खिडकीला लोखंडी पत्र्याचा धूड येऊन बसतो, आत टाकीभर पाणी आणि तिन्ही बाजूंनी ओल्या जाळ्या. पत्रा सिग्नल परतवतो, पाणी पिऊन टाकतं. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा यांचंही तेच. त्यात गर्मी. घरगुती राऊटर बहुतेक ४० डिग्रीपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि नवतपात आपल्याकडे बाहेर ४५, मग माळ्यावर किंवा बंद शोकेसमध्ये ठेवलेल्या डब्याचं काय होत असेल. तो गरम झाला की स्वतःच हळू होतो, नाहीतर अडकून रीस्टार्ट होतो. दुपारी हात लावून पाहा, चटका बसत असेल तर शोकेसमधून बाहेर काढा.

आणखी एक, डब्याचं स्वतःचं वायफाय बंद केलंय का? नसेल आणि नाव-पासवर्ड मेशसारखाच ठेवला असेल तर मोबाइल वर गेला तरी खालच्या डब्यालाच चिकटून राहतो. ते बंद करा. मग वर जाऊन एकदा मोबाइलचं वायफाय बंद-चालू करा, तेवढ्यानंच आकडा बदलला तर नोड ठीक आहे, मोबाइलच जुन्याला सोडत नव्हता. ऑफिसचा लॅपटॉप व्हीपीएनवर (नेट ऑफिसच्या सर्व्हरमधून फिरून येतं ते) असेल तर टेस्ट व्हीपीएन बंद करून घ्या, नाहीतर तो आकडा तुमच्या घराचा नाहीच.

स्पीड फक्त रात्री ९ ते ११ मध्येच पडत असेल आणि डब्याला थेट वायरनं लावूनही पडत असेल, तेव्हा मात्र कंपनीच्या मानगुटीवर बसा. जीपॉन फायबरमध्ये (घरोघरच्या फायबरची नेहमीची पद्धत) सुमारे २.५ जीबीपीएसची एक लाइन ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते, सगळे एकदम सिनेमे लावतात तेव्हा गर्दी होते. डब्याच्या सेटिंगच्या पेजवर ऑप्टिकल पॉवर (फायबरमधून येणाऱ्या उजेडाची ताकद) दिसते, ती उणे २७ डीबीएमच्या आसपास असेल तर फायबर कुठेतरी वाकलीय किंवा कनेक्टर मळलाय, ती पिवळी बारीक वायर शोकेसच्या दारात चेंगरली नाही ना तेही पाहून घ्या. दिवसा-रात्रीचे वायरवरचे स्क्रीनशॉट असले की कस्टमर केअरला पळवाट उरत नाही.

आता तुम्ही चौथ्या नोडसाठी जे पैसे काढून ठेवलेत ना, त्यातले थोडे घेऊन बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जा आणि खालून वरपर्यंत पुरेल एवढी कॅट ६ केबल (लॅन केबलचाच वरचा दर्जा) आणा, १०० मीटरच्या आत काही फरक पडत नाही. प्युअर कॉपर मागा, ॲल्युमिनियमवर तांबं चढवलेली स्वस्तातली नका घेऊ. जिन्याच्या कोपऱ्यातून केसिंग-पट्टीत नेली तर दिसतही नाही. बाहेरून न्यायची असेल तर आउटडोअरवालीच घ्या, साधीचं कवच आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत तडकतं. वरच्या नोडला ती खोचली की तो हवेतून घेणं बंद करतो आणि सगळा रेडिओ तुमच्या मोबाइल-लॅपटॉपसाठी मोकळा होतो, निम्म्याचा हिशोबच संपला. मी तिसरा नोड आणून पस्तावल्यावर हेच केलं, तो तिसरा आता मेहुण्याकडे आहे.

आज संध्याकाळी आधी पोर्ट आणि केबल बदलून पाहा, केबलवर बारीक अक्षरात कॅट ५ ई छापलंय की नुसतं कॅट ५ ते वाचा, आणि ९३ हलला का तेवढं कळवा. नसेल हलला तर डब्याचं मॉडेल सांगा, गिगाबिटचा पोर्ट कोणता ते पाहून सांगतो.