लेक म्हणते 25, मोबाईल म्हणतो 62

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या गणपतीमागे 8 फूट व्यासाची लोखंडी रिंग उभी करतो, तिला सारख्या अंतरावर 12 हुक आहेत. यंदा ठरलंय की प्रत्येक हुकापासून बाकीच्या सगळ्या हुकांपर्यंत सोनेरी लेस ताणायची. गेल्या वर्षी बोहरी आळीतून अंदाजाने आणलेली लेस ऐन रात्री संपली होती, म्हणून आधी हिशोब. दहावीतल्या लेकीने निर्देशक मांडून शेजारच्या दोन हुकांमधलं अंतर 24.85 इंच काढलं. मी सूत्र वापरलं, जीवा = 2 × त्रिज्या × साइन (अर्धा कोन), तर मोबाईलवर 62.43 आलं! कोणाचं बरोबर? आणि एकूण लेस किती आणू?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर: लेकीचं. सूत्र तुमचंही बरोबर आहे हो, पण मोबाईलचा कॅल्क्युलेटर रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) होता, त्याने तुमचे 15 अंश 15 रेडियन समजून घेतले, म्हणजे वर्तुळाला दोन फेऱ्या मारून वर पुढे गेला. डिग्रीवर टाका, 96 इंच व्यास × साइन 15, म्हणजे 96 × 0.2588, आलं ना 24.85? आणि असं काही आलं की आधी टेप लावून बघायची सवय ठेवा: रिंगचा घेर 301.6 इंच, त्याचे 12 भाग केले तर पाइपवरून वळणाने 25.13 इंच, मग सरळ ताणलेली लेस त्याहून थोडी कमीच भरणार, 62 कुठून येईल?

लेकीने निर्देशक घेतले त्यात हुशारी आहे. 15 अंशाचा साइन दहावीच्या कोष्टकात नसतो, पण हुक 30-30 अंशांवर आहेत आणि 30 चं सगळं पाठ असतं. केंद्र (0, 0), एक हुक (48, 0), पुढचा (41.57, 24). फरक 6.43 आणि 24, वर्गांची बेरीज 617.35, वर्गमूळ 24.85, झालं. तुमच्या सूत्रातला अर्धा कोन कुठून येतो, तर केंद्रापासून दोन्ही हुकांना रेघा ओढा, समद्विभुज त्रिकोण होतो, मधून लंब टाकला की 30 चे 15-15 होतात आणि जीवेचा अर्धा तुकडा 48 × साइन 15. दोन्ही वाटा शेवटी एकच.

गंमत म्हणजे हा अर्धा तुकडाच आपल्याकडची ‘ज्या’. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. आर्यभटांनी 499 मध्ये याच अर्ध्या तुकड्यांचे 24 आकडे दिले, तेही थेट नाही, दोन आकड्यांमधले फरक दिले: 225, 224, 222, 219... पहिले चार मिळवा, 890. त्यांची त्रिज्या 3438, आणि 90 अंशांच्या 24 पायऱ्या, म्हणून चौथी पायरी बरोबर 15 अंशाची. 890 भागिले 3438 गुणिले 96, परत 24.85! मोबाईल नसताना.

आता लेस. शेजारच्या हुकाला 24.85, एक सोडून 48, मग 67.88, 83.14, 92.73, हे सगळे 12-12 तुकडे, आणि समोरासमोरचे 96 इंचाचे फक्त 6. एकूण 66 तुकडे, बेरीज 4375 इंच, म्हणजे साधारण 365 फूट. गाठीला दोन्ही टोकांना 3-3 इंच धरा, 33 फूट वाढले, तेव्हा 400 फूट घ्या. दुकानात मीटरवर मागणार असाल तर 122. एक मात्र सांगतो, समोरासमोरचे ते 6 तुकडे सगळे बरोबर केंद्रात एकावर एक येतात आणि तिथे लेसचा गुठळा दिसतो, नेमका मूर्तीच्या मुकुटामागे आला तर बरा दिसत नाही. ते गाळलेत तर वरची 48 फूटही वाचेल.