मोटरनं कधी ओढायचं, ते तुम्ही ठरवा

वाचकांचे प्रश्न : सायकल आणि तिची देखभाल

प्रश्न : माझं वय ६३, घर पुण्यात सहकारनगरला. मुलानं दिवाळीत इलेक्ट्रिक सायकल घेऊन दिली. ३६ व्होल्टची बॅटरी, मोटर मागच्या चाकात, उजव्या मुठीला थ्रॉटल, म्हणजे मूठ पिळली की मोटर चालते. साधी सायकल मी शाळेपासून चालवत आले, त्यामुळे सपाटीला मला मोटर नकोच असते. पण पॅडलवर पाय पडला की क्षणभरानं सायकल एकदम पुढे उसळते. सकाळी भाजीला महात्मा फुले मंडईत जाते, तिथल्या गर्दीत तर जीव मुठीत धरावा लागतो. एका आजोबांच्या पिशवीला माझं चाक लागलंच. येताना स्वारगेटपासून घरापर्यंतच्या चढाला मात्र थ्रॉटल हवा. जवळचा दुकानदार म्हणतो, ‘पॅडल असिस्टची वायर कापून टाकू.’ मुलगा म्हणतो, ‘काही कापू नकोस, ब्रेकचं काही बिघडेल.’ काय करू?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ताई, वायर कापू देऊ नका. पॅडल असिस्ट, म्हणजे पॅडल फिरलं की मोटर आपोआप लागण्याची सोय, बंद करता येतं, थ्रॉटल शाबूत ठेवून करता येतं, आणि तुमच्या कारणासाठी ते करणं रास्तच आहे. आपली सायकल कोणत्या क्षणी पुढे सरकेल हे चालवणाऱ्याला ठाऊक नसणं, तेही मंडईसारख्या ठिकाणी, मला धोक्याचं वाटतं.

आधी ती उसळी येते कुठून ते सांगतो. पॅडलचे दोन्ही दांडे, म्हणजे क्रँक, ज्या अ‍ॅक्सलवर बसतात, त्या बीबीजवळ (बॉटम ब्रॅकेटजवळ) एक प्लॅस्टिकची चकती असते. तिच्यात छोटे चुंबक बसवलेले असतात आणि शेजारी एक सेन्सर. पॅडल फिरलं की चुंबक सेन्सरसमोरून जातात आणि मोटर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरला कळतं, ‘पाय चालू आहेत.’ तुम्ही जोर लावताय की नुसता पाय फिरवताय, हे या सेन्सरला कळत नाही. रेग्युलेटर नसलेल्या पंख्यासारखं आहे ते, चालू नाही तर बंद. त्यात कंट्रोलर थोडे इशारे मोजून मगच मोटर सुरू करतो, आणि तुम्ही पाय थांबवल्यावरही ती क्षणभर ओढत राहते. मोकळ्या रस्त्यावर याचा त्रास होत नाही. गर्दीत मात्र माणूस अर्धं पॅडल मारतो, थांबतो, पुन्हा अर्धं मारतो. तेव्हा नेमका नको त्या वेळी धक्का बसतो. चकतीवर चुंबक कमी असतील तर हा उशीर जास्त जाणवतो. महागड्या सायकलींत पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर असतो, त्यांच्यात ही उसळी जवळजवळ नसते.

आता उपाय. सर्वांत आधी डिस्प्ले बघा. पाच पातळ्यांचा डिस्प्ले असेल तर वजाचं बटण दाबत शून्यावर आणा. कित्येक सायकलींत एवढ्यानंच काम होतं : पॅडल मारा, मोटर गप्प, मूठ पिळा, मोटर चालू. पण काही कंट्रोलर शून्यावर थ्रॉटलही बंद करतात. तसं झालं तर निघताना शून्य ठेवायचं आणि चढ सुरू होण्याआधी, थांबून, एकावर यायचं. वजाचं बटण नुसतं एकेकदा दाबा, धरून ठेवू नका. धरून ठेवलं की बऱ्याच सायकलींत उतरून, सायकल हातात धरून चालताना वापरायची सोय सुरू होते आणि मोटर आपणहून हळू फिरू लागते.

शून्य आहे पण थ्रॉटल जातो, तर पुढची पायरी. डिस्प्लेवाल्या बऱ्याच सायकलींत आत सेटिंग असतात, ‘पी’ अक्षर आणि पुढे आकडा. एस ८६६ नावाचा डिस्प्ले अनेक सायकलींवर दिसतो. त्यात पी १० ही सेटिंग मोटर कशानं चालावी ते ठरवते : ० म्हणजे फक्त पॅडलनं, १ म्हणजे फक्त थ्रॉटलनं, २ म्हणजे दोन्हीनं. तुम्हाला १ हवा. तुमचा डिस्प्ले वेगळा असेल तर आकडे वेगळे असतील, म्हणून सायकलीसोबत आलेलं पुस्तक काढून त्यातच बघा. बदलण्याआधी सगळ्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा. आणि त्याच यादीत वेगाची मर्यादा असते, तिला अजिबात हात लावू नका. कारण खाली सांगतो.

यातलं काहीच जमत नसेल, किंवा तुमच्याकडे डिस्प्लेच नाही, नुसते तीन दिवे आहेत, तरच सेन्सरचा कनेक्टर काढायचा. दुकानदार कापायचं म्हणतोय ती हीच वायर, पण ती कापायची गरज मुळात नाही. हे काम दुकानदाराकडूनच करून घ्या, फक्त शेजारी उभ्या राहा. वॉरंटी चालू असेल तर जिथून सायकल घेतली तिथेच करून घ्या आणि बिलावर तसं लिहून घ्या.

पद्धत अशी. किल्ली बंद, बॅटरी बाहेर. मग डिस्प्लेचं बटण एकदा दाबायचं, म्हणजे कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये उरलेला करंट निघून जातो. आता बीबीजवळच्या सेन्सरपासून निघालेली वायर बोटानं धरून कंट्रोलरपर्यंत जायचं. हे मी मुद्दाम सांगतोय. सेन्सरला तीन तारा असतात आणि थ्रॉटललाही तीनच. बऱ्याचदा दोघांचे कनेक्टर दिसायलाही सारखे. ब्रेकच्या लिव्हरमधून येणारी वायर वेगळी, पण ती याच जुडग्यात असते. तुमच्या मुलाची काळजी त्या वायरीबद्दलच आहे आणि ती बरोबर आहे. ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा स्विच त्या वायरीवर असतो. ती चुकून निघाली तर ब्रेक दाबलेला असतानाही मोटर ओढत राहील. रंगावर विसंबू नका, रंग सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात.

कनेक्टर गोल आणि बाण काढलेला असेल तर सरळ ओढायचा, पिळायचा नाही, आतल्या पिना वाकतात. चपटा असेल तर खटका दाबून काढायचा. मग कंट्रोलरकडचं तोंड इन्सुलेशन टेपनं घट्ट गुंडाळून, तोंड खाली येईल असं केबल टायनं बांधायचं. कापायला मी नको म्हणतो ते यासाठीच. त्या तारांमधली एक ५ व्होल्टची असते आणि थ्रॉटललाही तोच पुरवठा जातो. उघड्या तारा एकमेकींना टेकल्या, किंवा पावसाचं पाणी शिरलं, तर पॅडल असिस्टबरोबर थ्रॉटलही जाईल आणि कंट्रोलरही जळू शकेल. नुसता कनेक्टर काढला असेल तर उद्या गुडघा दुखायला लागला किंवा सायकल नातीला द्यायची झाली, तर परत जोडता येतो.

बॅटरी बसवल्यावर मागचं चाक उचलून धरा आणि समोरच तपासून घ्या. पॅडल हातानं फिरवलं की मोटर चालू व्हायला नको. थ्रॉटल पिळला की व्हायला हवी. थ्रॉटल पिळलेला असताना आधी डावा ब्रेक दाबा, मग सोडून उजवा दाबा. दोन्ही वेळा मोटर तत्काळ थांबली पाहिजे. एक जरी ब्रेक चुकला तर सायकल घरी नेऊ नका.

दोन अडचणी येऊ शकतात. काही कंट्रोलर सेन्सर काढल्यावर डिस्प्लेवर एरर दाखवतात आणि काहीच चालू देत नाहीत. टॉर्क सेन्सरच्या आणि क्रँकपाशी मोटर असलेल्या सायकलींत तर हे हमखास होतं, त्यांचा कनेक्टर काढूच नये. दुसरं म्हणजे, काही सायकलींत पॅडल फिरत असेल तरच थ्रॉटल चालतो. तुमची तशी निघाली तर सेन्सर परत जोडा, पातळी एकावर ठेवा आणि सुरुवातीचा जोर कमी करणारी सेटिंग असेल तर ती सर्वांत खाली आणून घ्या. उसळी पूर्ण जाणार नाही, पण पिशव्या वाचतील.

आता वेग. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची तीस मिनिटांची ताकद ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि अधिकृत चाचणी संस्थेनं तसं प्रमाणित केलं असेल, तर इलेक्ट्रिक सायकल मोटार वाहन धरली जात नाही. अशी एक संस्था, एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया), आपल्या वेताळ टेकडीवरच आहे. पॅडल असिस्ट काढल्यानं मोटरची ताकद वाढत नाही आणि वेगही वाढत नाही. पण वेगमर्यादा वाढवलीत तर सायकल या सवलतीतून बाहेर पडते, मग नोंदणी, परवाना, विमा सगळं लागतं. दुकानदार ‘जाता जाता स्पीडपण खोलून देतो’ म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा.

शेवटी चढाचं. स्वारगेटवरून वर येताना थांबलेल्या सायकलीवर नुसता थ्रॉटल पिळू नका. चाक फिरत नसताना मोटर खूप करंट ओढते आणि तापते. आधी दोन-चार पॅडल स्वतः मारा, सायकल चालती झाली की मग थ्रॉटल द्या, आणि पायही चालू ठेवा. बॅटरीही जास्त पुरेल.

सायकल विकतानाच हे सगळं ग्राहकाला दाखवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक पॅनलवर शून्य असावं आणि शून्यावर थ्रॉटल चालावा. वयस्क माणसांना मुलं हौसेनं सायकल घेऊन देतात आणि दोन धक्के बसल्यावर ती जिन्याखाली धूळ खात पडते. तुमची पडू देऊ नका.

प्रश्न : मी कोथरूडहून बावधनला कॉलेजला जातो. व्यायाम म्हणून मोटर बंद ठेवून चालवायचं ठरवलं, पण सायकल फार जड जाते. मोटर बंद असताना ती डायनामोसारखी अडवते का? आणि तसं असेल तर बॅटरी चार्ज होते का?
– एक विद्यार्थी

उत्तर : तुझी मोटर कोणत्या जातीची आहे त्यावर ते अवलंबून आहे. मोटरचं चाक उचल आणि हातानं पुढे फिरव, मग मागे फिरव. पुढे मोकळं आणि मागे जड, घरघरत फिरलं तर आत गिअर आहेत आणि एकाच दिशेनं पकडणारा क्लच आहे. अशी मोटर बंद असताना जवळजवळ अडवत नाही, आणि त्याच कारणानं पायानं बॅटरीही चार्ज होत नाही. दोन्हीकडे सारखंच, थोडं अडखळत फिरलं तर ती बिनगिअरची मोटर, तिच्यातले चुंबक थोडे ओढतात. पण तीही बॅटरीत काही परत टाकते का, ते कंट्रोलरवर ठरतं. साध्या सायकलींत ही सोय सहसा नसते.

बहुतेक वेळा जडपणा मोटरचा नसतोच. मोटर, बॅटरी आणि जाड फ्रेम मिळून सायकल वीस किलोच्या पुढे जाते, आणि चांदणी चौकाचा चढ ते वजन एकेका पॅडलला वसूल करतो. टायरमधली हवा बघ. टायरच्या बाजूला छापलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी असेल तर निम्मा जडपणा तिथेच सापडेल. ब्रेक घासतोय का तेही चाक फिरवून ऐक.

प्रश्न : पावसाळ्यात सायकल धुतल्यापासून पॅडल असिस्ट चालत नाही, थ्रॉटल चालतो. मला ते हवं आहे! मोटर गेली का?
– एक वाचक, धायरी

उत्तर : थ्रॉटलवर चालते म्हणजे मोटर, बॅटरी आणि कंट्रोलर ठीक आहेत. बॅटरी काढून, वर सांगितल्याप्रमाणे वायर धरत सेन्सरच्या कनेक्टरपर्यंत जा, तो उघडा, पाणी किंवा हिरवट गंज आहे का बघा, कोरडा करून परत घट्ट बसवा. मग बीबीजवळची चकती बघा. ती सेन्सरपासून सरकली असेल तर चुंबक त्याला ‘दिसत’ नाहीत. फट दोन-तीन मिलिमीटरच असावी. चकतीला लोखंडाचा चुरा चिकटला असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा. एवढं करूनही चाललं नाही तर सेन्सर बदला. बुधवारातल्या तपकीर गल्लीत शोधायला जाणार असाल तर जुना सेन्सर चकतीसकट बरोबर न्या, कारण चुंबकांची संख्या आणि कनेक्टर दोन्ही जुळायला लागतात. आणि यापुढे प्रेशरचा फवारा बीबीवर आणि चाकाच्या हबवर मारू देऊ नका. ओल्या फडक्यानं पुसलेली सायकलही स्वच्छच होते.