‘बीएमआय ३५ नाही’ हे कारण पुरेसं नाही

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, सध्या वर्क व्हिसावर इंग्लंडमध्ये लेस्टरला. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३३.५, सहा वर्षांपासून मधुमेह. जीपींनी (फॅमिली डॉक्टरांनी) वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी शिफारस केली, पण ‘बीएमआय ३५ नाही, धोरणात बसत नाही’ म्हणून आयसीबीने (सरकारी आरोग्यसेवेचा स्थानिक खर्च ठरवणाऱ्या मंडळाने) खर्च नाकारला. व्हिसामुळे हक्क कमी होतो का? घरी दोन लहान मुलं आहेत, हे सांगून अपवाद म्हणून अर्ज करू का?

उत्तर : ताई, व्हिसाची काळजी सोडा. इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज (व्हिसासोबतचं आरोग्य शुल्क) भरलाय ना? मग या उपचारासाठी एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, तुम्ही इतर रहिवाशांच्याच बरोबरीने आहात.

अपवादाच्या अर्जावर मात्र भिस्त ठेवू नका. २०११ मध्ये कॉन्डलिफ यांचा असाच खटला इंग्लंडच्या अपील न्यायालयात गेला होता. त्यांचा बीएमआय ४३, स्थानिक धोरणाची अट ५० ची. आपली कौटुंबिक, सामाजिक परिस्थितीही बघावी, ही त्यांची मागणी होती. ते हरले. अपवाद निव्वळ वैद्यकीय निकषांवर ठरवणं कायदेशीर आहे, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे मुलांचा उल्लेख तिथे कामाचा नाही. शिवाय तुमच्यासारखे रुग्ण पुष्कळ आहेत; मग तुम्ही अपवाद कशा?

तेच तुमचं बळ आहे. भांडण धोरणाशीच करा. नाइस या उपचारांबाबत सूचना देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या जानेवारी २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंशाच्या रुग्णांसाठी मर्यादा २.५ ने खाली धरण्याचा विचार करावा, असं स्पष्ट आहे, कारण आपल्याकडे मधुमेह कमी बीएमआयलाच गाठतो. त्या हिशेबाने ३५ चे होतात ३२.५, आणि तुम्ही आत येता. या सूचना आयसीबीवर आदेशासारख्या बंधनकारक नाहीत, हे खरं. पण पुरावा नीट तपासून निर्णय घेणं आणि नकाराची कारणं देणं एनएचएसच्या घटनापत्राने बंधनकारक केलंय. वांशिक समानतेचा विचार करणं हे तर २०१० च्या समानता कायद्याच्या कलम १४९ नुसार त्यांचं कर्तव्यच आहे. सर्वांना सरसकट ३५ लावताना तो विचार कधी केला, हे त्यांना दाखवावं लागेल.

आयसीबीला लेखी विचारा : पूर्ण धोरण द्या, समानतेवरील परिणामांचं मूल्यमापन द्या, २.५ ची सूचना का वगळली ते सांगा. जीपींचं पत्र जोडा. तक्रार जरूर करा, पण तिच्या उत्तराची वाट बघत बसू नका. न्यायालयीन पुनर्विलोकनाचा (सरकारी संस्थेचा निर्णय कायदेशीर आहे का, हे न्यायालयाने तपासावं यासाठीचा) अर्ज विनाविलंब, जास्तीत जास्त तीन महिन्यांत करावा लागतो, आणि तक्रारीमुळे ती मुदत थांबत नाही. नकाराच्या पत्राची तारीख बघून याच आठवड्यात सार्वजनिक कायद्याच्या (सरकारी संस्थांच्या निर्णयांविरुद्ध लढणाऱ्या) सॉलिसिटरला, म्हणजे वकिलाला, गाठा. उत्पन्न कमी असेल तर लीगल एडबद्दल (वकिलाच्या खर्चासाठीच्या सरकारी मदतीबद्दल) पहिल्याच भेटीत विचारा.